आर्थर कॉम्प्टन : किरणांचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ

दुखानच्या तेलक्षेत्रात किंवा रास लफानच्या वायुप्रकल्पात नोकरीला असलेले पुष्कळ मराठी बांधव हे पान वाचतात. वेल्डिंगचा जोड तपासण्यासाठी गॅमा किरणांचे छायाचित्र घेतात त्या वेळी आसपासचा भाग दोरी बांधून मोकळा करतात, हे त्यांनी पाहिले असेल. किरण समोरच्या नळातून नुसते आरपार जात नाहीत. काही किरण नळावर आणि जमिनीवर आपटून भलत्याच दिशेला उडतात, म्हणून ही काळजी. तेलविहिरीत सीझियम-१३७ ठेवलेले उपकरण सोडतात तेव्हा मात्र याच आपटून परतणाऱ्या किरणांचा उपयोग करून घेतात. परतलेले किरण मोजायचे आणि त्यावरून खडक किती घट्ट, किती पोकळ, हे ठरवायचे. इस्पितळात क्ष-किरण यंत्राजवळचा तंत्रज्ञ शिशाचा एप्रन घालतो, तो यंत्रापेक्षाही रोग्याच्या अंगावरून उडणाऱ्या किरणांच्या भीतीने.

किरण असे का उडतात आणि उडताना त्यांचे काय होते, याचा चोख हिशेब ज्यांनी मांडला त्या आर्थर हॉली कॉम्प्टन यांची ओळख आज करून द्यायची आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या नावाचा एक परिणाम असतो, परीक्षेत चार गुणांना येतो आणि मुले तो पाठ करून विसरतात. मी मास्तर असल्यामुळे हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु त्या चार गुणांमागे जो माणूस उभा आहे त्याचे आयुष्य विसरण्याजोगे नाही.

कॉम्प्टन यांचा जन्म १० सप्टेंबर १८९२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, वूस्टर या लहान गावी झाला. वडील एलायस हे गावच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री होते. आई ओटेलिया यांचे घराणे मेनोनाइट पंथाचे, म्हणजे शस्त्र हाती न धरण्याचे व्रत पाळणाऱ्यांचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे. तीन मुलगे, त्यांत आर्थर धाकटे. थोरले कार्ल पदार्थविज्ञानाचे नामांकित संशोधक झाले आणि पुढे मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेचे अध्यक्ष. मधले विल्सन अर्थशास्त्रज्ञ. तिघांनीही प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९३९ मध्ये ओटेलियाबाईंचा अमेरिकेतील त्या वर्षीची आदर्श माता म्हणून गौरव झाला. आपल्याकडेही अशी घरे असतात. मुलांची नावे छापून येतात आणि आईचे नाव गल्लीपुरते राहते. इथे निदान एकदा ते गल्लीबाहेर पडले.

आर्थर यांना लहानपणी आकाशाचे वेड. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्यांनी दुर्बिणीतून त्याचे छायाचित्र घेतले. त्याच सुमारास सत्तावीस फूट पंखांचे एक ग्लायडर स्वतः बांधून त्यांनी उडवून पाहिले. महाविद्यालयात असताना एका वाटोळ्या नळीत पाणी भरून पृथ्वीचे फिरणे दाखवून देण्याची युक्ती त्यांनी काढली आणि ती १९१३ मध्ये छापूनही आली. धर्मप्रसाराच्या कामाला वाहून घ्यावे, असाही त्यांचा विचार चालला होता. वडिलांनी त्यांना समजावले, की ज्या कामात तुझा हात चालतो त्याच कामाने तू लोकांची सेवा अधिक करशील. पाद्री बापाने मुलाला प्रयोगशाळेची वाट दाखवावी, हे विशेषच म्हटले पाहिजे.

१९१६ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट घेतली, त्याच वर्षी बेटी मॅक्क्लॉस्की यांच्याशी विवाह झाला. एक वर्ष मिनेसोटा विद्यापीठात शिकवले, दोन वर्षे वेस्टिंगहाउस कंपनीच्या दिव्यांच्या कारखान्यात सोडियम वाफेच्या दिव्यावर काम केले. नंतर १९१९ मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. तिथे रदरफोर्ड आणि जे. जे. टॉमसन यांच्या सहवासात गॅमा किरणांचे विखुरणे तपासत असताना त्यांना एक खटकणारी गोष्ट आढळली. पदार्थावर आपटून बाजूला गेलेले किरण मूळच्या किरणांपेक्षा मवाळ असत, म्हणजे त्यांची आरपार जाण्याची शक्ती कमी झालेली असे.

यात खटकण्याजोगे काय? टॉमसन यांचा त्या वेळचा सिद्धान्त असा होता, की किरण ही लाट आहे. लाट इलेक्ट्रॉनला हलवते आणि हललेला इलेक्ट्रॉन त्याच तालावर नवी लाट बाहेर टाकतो. समुद्राच्या लाटेवर होडी जितक्या वेळा वरखाली होते तितक्याच वेळा तिच्याभोवती वलये उठतात. त्या सिद्धान्ताप्रमाणे विखुरलेल्या किरणाची तरंगलांबी मुळीच बदलता कामा नये. मग हे किरण मवाळ कसे होतात?

१९२० मध्ये कॉम्प्टन सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून गेले. मोठ्या विद्यापीठांच्या गजबजाटात सगळे एकाच दिशेने विचार करू लागतात, त्यापेक्षा एका बाजूच्या जागी स्वतःच्या डोक्याने काम करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तरीदेखील उत्तर चटकन सापडले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून बऱ्यापैकी मोठे कडे असावे, अशी कल्पना त्यांनी आधी लढवली. पुढे त्यांना वाटले, की हे आपटून उडालेले किरण नव्हेतच, पदार्थातून निघालेले नवेच किरण आहेत. एक चूक सुटली की दुसरी. हाती आलेले आकडे बरोबर आणि त्यांचा अर्थ चुकीचा, अशी तीन-चार वर्षे गेली. आपण मुलांना शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगताना ही वर्षे वगळतो आणि मग मुलांना वाटते, की थोर माणसांना सारे झोपेतून उठल्यावर सुचते.

शेवटचा प्रयोग असा होता. मॉलिब्डेनम धातूपासून निघालेले क्ष-किरण ग्राफाइटच्या तुकड्यावर सोडायचे आणि काटकोनात उडालेल्या किरणांची तरंगलांबी स्फटिकाच्या साहाय्याने मोजायची. मूळ तरंगलांबी ०.७०८ अँगस्ट्रॉम, अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. उडालेल्या किरणांत मूळ तरंगलांबीच्या शेजारी दुसरी एक रेषा दिसली आणि ती सुमारे शेकडा तीन इतकी लांब होती. एवढ्याशा फरकावर सारा डोलारा उभा आहे.

१९२२ अखेर कॉम्प्टन यांनी जुन्या साऱ्या कल्पना टाकून दिल्या आणि सरळ कॅरमच्या खेळासारखा विचार केला. (कॅरमचे उदाहरण माझे, त्यांच्याकडे बिलियर्ड असतो.) स्ट्रायकर स्थिर सोंगटीवर आपटला, की सोंगटी एकीकडे जाते, स्ट्रायकर दुसरीकडे, आणि स्ट्रायकरची थोडी गती सोंगटीला मिळते. किरण हा स्ट्रायकर, इलेक्ट्रॉन ही सोंगटी. किरण जर पुडक्यापुडक्यांनी येत असेल, आणि आइन्स्टाइन १९०५ पासून तेच सांगत होते, तर प्रत्येक पुडके इलेक्ट्रॉनला धक्का देऊन आपली थोडी शक्ती गमावणार, आणि शक्ती कमी म्हणजे तरंगलांबी जास्त. गणित मांडले तर काटकोनासाठी वाढ ०.०२४ अँगस्ट्रॉम येते. मोजमाप त्याच्या अगदी जवळ होते. शिवाय ही वाढ पदार्थ कोणता यावर अवलंबून नाही, केवळ किरण किती कोनात वळला यावर आहे. मे १९२३ च्या फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात हा निबंध आला. त्याच सुमारास युरोपात पीटर डिबाय यांनीही स्वतंत्रपणे हेच गणित मांडले होते.

या प्रयोगात एक गंमत दडलेली आहे. किरण कणासारखा वागतो हे सिद्ध करायला तरंगलांबी मोजावी लागली, म्हणजे किरण लाटेसारखा वागतो हे गृहीत धरावे लागले. एकाच प्रयोगात दोन्ही रूपे हजर! आइन्स्टाइन यांच्या प्रकाशकणावर तोवर फार थोड्यांचा विश्वास होता. या निबंधानंतर तो नाकारणे कठीण झाले.

कठीण झाले, पण लोकांनी नाकारले. हार्वर्डचे विल्यम ड्युएन हे क्ष-किरणांतील मोठे जाणकार. त्यांच्या प्रयोगशाळेत ती दुसरी रेषा दिसेना. यंत्राभोवतीच्या लाकडी पेटीमुळे कॉम्प्टन फसले असावेत, असाही तर्क निघाला. कॉम्प्टन यांनी पेटी काढून प्रयोग केला, रेषा होतीच. दोघांनी एकमेकांच्या प्रयोगशाळेला भेट दिली. ऑगस्ट १९२४ मध्ये टोरोंटो येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मोठी खडाजंगी झाली. त्या सभेत आपले चंद्रशेखर वेंकट रामन उपस्थित होते आणि त्यांनाही त्या वेळी कॉम्प्टन यांचे म्हणणे पटले नव्हते. वर्ष संपता संपता ड्युएन यांच्याच प्रयोगशाळेत ती रेषा सापडली आणि त्यांनी प्रांजळपणे माघार घेतली. वादात हरलेला माणूस स्वतःच्या प्रयोगाने हरला, यात ड्युएन यांचाही मोठेपणा आहे.

१९२६-२७ हे वर्ष कॉम्प्टन यांनी आपल्या उपखंडात काढले. गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात शिकवायला आले होते. भगिनी मेरी यांचे यजमान हर्बर्ट राइस हे मिशनरी आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य. त्यामुळे या देशाशी नातेसंबंध होताच. त्याच कॉलेजातील प्राध्यापक बेनाडे यांच्यासह ते हिमालयात विश्वकिरणांचे मोजमाप करायला गेले. आकाशातून अहोरात्र येणाऱ्या या किरणांनी त्यांना पुढची पंधरा वर्षे सोडले नाही. पुढे पंजाबातील प्यारासिंग गिल हे शिकागोला जाऊन त्यांचे विद्यार्थी झाले आणि मायदेशी परतून विश्वकिरणांच्या संशोधनात नावाजले.

१९२७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक कॉम्प्टन आणि सी. टी. आर. विल्सन यांना विभागून मिळाले. कॉम्प्टन तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. ही बातमी कलकत्त्यात पोचली तेव्हा रामन यांच्या प्रयोगशाळेत वेगळीच खळबळ उडाली. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात त्यांच्या विद्यार्थ्यांना जो फिकट, रंग बदललेला उजेड दिसत होता, तो कॉम्प्टन परिणामाचाच दृश्य प्रकाशातला भाऊबंद असावा, असे रामन यांच्या मनाने घेतले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो दिवस भारतात १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात आणि इथल्या भारतीय शाळांतून त्या निमित्ताने मुलांची प्रदर्शने भरतात. टोरोंटोत ज्यांना पटले नव्हते त्यांनाच चार वर्षांत त्याच वाटेने यश यावे!

विश्वकिरण म्हणजे प्रकाशासारखेच किरण आहेत की विद्युतभारित कण, यावर कॉम्प्टन आणि रॉबर्ट मिलिकन यांचा जोरदार वाद झाला. कण असतील तर पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वळवील, म्हणजे विषुववृत्तापाशी ते कमी आणि ध्रुवांकडे जास्त सापडतील. जेकब क्ले या डच शास्त्रज्ञाला जावा ते हॉलंड अशा बोटीच्या प्रवासात तसे आढळलेही होते. कॉम्प्टन यांनी १९३२ पासून जगभर तुकड्या पाठवल्या; डोंगरमाथे, बेटे, बोटी, सर्वत्र एकाच जातीची उपकरणे. अलास्कातील माउंट मॅकिन्ली शिखरावर त्या कामी गेलेले ॲलन कार्प आणि थिओडोर कोव्हेन हे दोघे १९३२ मध्ये हिमनदीवर मृत्यू पावले. निकाल कॉम्प्टन यांच्या बाजूने लागला. आम्ही मॉरिशसचे लोक. आमचे पणजोबा कोकणातून जहाजाने गेले. जहाजाच्या प्रवासातही वैज्ञानिक प्रश्न सुटतात, हे ऐकून मला आपलेपणा वाटतो.

आता आईच्या मेनोनाइट घराण्याची गोष्ट. महायुद्ध सुरू झाले. १९४१ मध्ये युरेनियमपासून अस्त्र होऊ शकते का, हे तपासणाऱ्या समितीचे अध्यक्षपद कॉम्प्टन यांच्याकडे आले आणि १९४२ च्या आरंभी शिकागोत धातुशास्त्रीय प्रयोगशाळा या फसव्या नावाखाली त्यांनी काम सुरू केले. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडले तर काय, ही धास्ती खरी होती. एन्रिको फर्मी यांची पहिली अणुभट्टी शहराबाहेर उभारायची होती, परंतु मजुरांच्या संपामुळे इमारत लांबली. तेव्हा विद्यापीठाच्या मैदानाच्या गॅलरीखाली, भर वस्तीत, ती रचायला कॉम्प्टन यांनी परवानगी दिली. विद्यापीठाच्या अध्यक्षांना त्यांनी विचारलेच नाही. विचारले तर नाही म्हणणे त्यांना भागच पडेल, असा त्यांचा तर्क. २ डिसेंबर १९४२ रोजी ती भट्टी चालली. चाळीस हजारांहून जास्त विटांची ती रास होती, आणि विटा कशाच्या? ग्राफाइटच्या, वीस वर्षांपूर्वी ज्याच्या एका तुकड्यावर त्यांनी क्ष-किरण सोडले होते त्याच पदार्थाच्या.

१९४५ च्या मे महिन्यात जर्मनी शरण गेली. अस्त्र मात्र तयार होत आले होते. जूनमध्ये कॉम्प्टन यांच्याच प्रयोगशाळेतील जेम्स फ्रँक यांच्या समितीने अहवाल लिहिला, की जपानच्या शहरावर आगाऊ सूचना न देता हे अस्त्र टाकू नये, ओसाड जागी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. कॉम्प्टन यांनी फ्रँक यांना वॉशिंग्टनला नेऊन अहवाल युद्धमंत्र्यांच्या कचेरीत पोचवला, पण सोबत आपली चिठ्ठी जोडली, की युद्ध लवकर संपून वाचणाऱ्या प्राणांचा यात विचार झालेला नाही. लगेच १६ जूनला ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चौघांनी सल्ला दिला, की निव्वळ प्रात्यक्षिकाने युद्ध थांबेल असे दिसत नाही आणि प्रत्यक्ष वापराला पर्याय सापडत नाही. जुलैत त्यांच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेतील १५० जणांचा कौल घेतला गेला. सर्वांत जास्त मते, शेकडा ४६, जपानात लष्करी प्रात्यक्षिक करून पुन्हा शरणागतीची संधी द्यावी या पर्यायाला पडली. या पर्यायाचा अर्थ जो तो आपल्या मनासारखा लावू शकत होता. लिओ झिलार्ड यांनी सत्तर सह्यांचा विनंतिअर्ज दिला; तोही कॉम्प्टन यांच्या हातून वर गेला आणि राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचण्याआधीच अडकला. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ला नागासाकी. नागासाकीवरील अस्त्रातले प्लुटोनियम त्यांच्याच प्रकल्पातून जन्मलेल्या भट्ट्यांत तयार झाले होते.

१९५६ मध्ये त्यांनी या साऱ्याचा वृत्तांत पुस्तकरूपाने लिहिला आणि निर्णय योग्यच होता ही भूमिका शेवटपर्यंत सोडली नाही. ते रोज प्रार्थना करणारे गृहस्थ होते, ढोंगी नव्हते. तरीही त्यांची ती चिठ्ठी मला खटकते. हाताखालच्या माणसांचा अहवाल वर नेणे हा प्रामाणिकपणा झाला. त्याच पाकिटात त्याचे खंडन घालणे हा अधिकाऱ्याचा हक्क असेल, पण त्याने अहवालाचे बळ गेले. वाचकांचे मत वेगळे असू शकेल.

युद्धानंतर ते सेंट लुईसच्या आपल्या जुन्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५२ मध्ये तिथल्या पदवी वर्गांची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडली. हे फार सावकाश झाले, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. विद्यापीठाच्या इमारतीवरून मोटारी भरधाव जातात हे पाहून १९५३ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या उंचवट्याची आखणी केली. तसे उंचवटे त्याआधीही कुठे कुठे होते, परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्याचा विचार करणारे हे गृहस्थ. आपण दोह्यात ज्याला हम्प किंवा स्पीडब्रेकर म्हणतो आणि मॉरिशसमध्ये दोदान म्हणतात, तोच हा. शाळेच्या फाटकापाशी गाडीला हिसका बसला, की नोबेलवाल्याची आठवण काढायला हरकत नाही.

१५ मार्च १९६२ रोजी कॅलिफोर्नियात बर्कली येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय एकोणसत्तर.

त्याआधी दोनच वर्षे, १९६० मध्ये, लेझरचा जन्म झाला होता. कॉम्प्टन यांच्या हिशेबाची उलटी बाजू त्यामुळे उपयोगात आली. सोंगटी स्थिर असेल तर स्ट्रायकर गती गमावतो. पण सोंगटीच वेगाने अंगावर आली तर? इथे क्रिकेट बरे पडते. स्थिर बॅटवर आपटलेला चेंडू मंद परततो, पुढे झेपावणाऱ्या बॅटवर आपटलेला सीमापार जातो. प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ पोचलेल्या इलेक्ट्रॉनांवर लेझरचा साधा, तांबूस किरण सोडला, तर तो हजारो पट शक्ती घेऊन क्ष-किरण होऊन उडतो. १९६३ मध्ये अमेरिकेतील मिलबर्न यांनी आणि आर्मेनियातील अरुत्युन्यान व तुमान्यान यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

कॉम्प्टन जिथे वारले त्या बर्कलीतच, लॉरेन्स प्रयोगशाळेत, १९९६ मध्ये शोनलाइन आणि सहकाऱ्यांनी ५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीच्या इलेक्ट्रॉनांच्या झोतावर काटकोनातून लेझरचा ठोका मारला. दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण उडाला तेव्हा तीस हजारांचा झाला होता. झोत केसाएवढा बारीक, तो आडवा ओलांडायला प्रकाशाला जेवढा वेळ लागतो तेवढाच क्ष-किरणांचा ठोका टिकला, सुमारे ३०० फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख करा, त्यातल्या एकाचे आणखी हजार, तो फेम्टोसेकंद. अणू आपली जागा सोडून हलतात ते याच मापाच्या वेळात, म्हणून त्यांचे हलणे टिपायला एवढा आखूड उजेड हवा.

आज हे काम पुष्कळ ठिकाणी चालते. म्युनिकजवळ एका मोठ्या खोलीत मावणारे असे यंत्र आहे आणि त्यावर स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचे प्रयोग झाले आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फेम्टोसेकंद लेझरचे प्रखर ठोके पदार्थावर मारून त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण तपासतात. इथे दोह्यात एज्युकेशन सिटीतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शाखेत लेझर आणि प्रकाशशास्त्रावर संशोधन होत आले. ती शाखा २०२८ पर्यंत बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला.

बर्कलीच्या त्या मंडळींनी १९९९ मध्ये इंडियम अँटिमोनाइड नावाच्या स्फटिकावर एक लेझरचा तडाखा देऊन, लागलीच मागून हा क्ष-किरणांचा ठोका सोडला, आणि स्फटिकातले अणू जागेवरून ढळताना पाहिले.